सिक्युरिटी आणि अप्लाइड क्रिप्टोग्राफीची डिग्री: पहिल्या सेमिस्टरपासून थिसिसपर्यंत अभ्यास नक्की कसा करायचा

सिक्युरिटीला ॲडमिशन घेणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं असतात, आणि पहिल्याच महिन्यात समोर काय येतं तर मॉड्युलो (भागाकारानंतरची बाकी), प्रोबॅबिलिटी, ऑपरेटिंग सिस्टिमचं मेमरी मॅनेजमेंट आणि फळ्यावर दर दोन मिनिटांनी "ॲडव्हर्सरी" (म्हणजे हल्लेखोर) लिहिणारे सर. अर्धा वर्ग तिथेच गळपटतो. मीही गळपटलो होतो, पहिल्या टेस्टला जेमतेम पास झालो, मग कसंबसं सावरलं. पुढे शेवटच्या वर्षी लॅब असिस्टंट म्हणून ज्युनियर पोरांच्या असाइनमेंट तपासायला लागलो तेव्हा लक्षात आलं की सगळे फिरून फिरून त्याच चार-पाच ठिकाणी गंडतात. कुणी एईएस (एन्क्रिप्शनची सगळीकडे वापरली जाणारी पद्धत) फोडलं म्हणून कुणाचं गंडत नाही हो, गंडतं ते एईएसला की, म्हणजे किल्ली, कुठून दिली, नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) दोनदा वापरला का, एरर मेसेजमध्ये काय बोलून गेलो, अशा सांध्यांमध्ये. त्यामुळे हे सगळं त्या सांध्यांच्या अंगाने लिहिलंय. सिलॅबस तर तुमच्याकडे आहेच.

पायरी १: सुरू व्हायच्या आधी हे येऊ द्या

तीन गोष्टी. लिनक्सची कमांड लाइन, पायथन आणि सी. पायथन भराभर प्रयोग करायला, सी कशाला तर मेमरी म्हणजे काय ते हाताला कळावं म्हणून, कारण पॉइंटर कळला नसेल तर बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेरच्या मेमरीत लिहिणं) नुसता पाठ होतो, समजत नाही. त्यात नेटवर्कचं थोडं घाला, टीसीपीचं कनेक्शन कसं जुळतं, डीएनएसला प्रश्न विचारला की उत्तर कुठून येतं, एचटीटीपी रिक्वेस्ट साध्या टेक्स्टमध्ये कशी दिसते, एवढं वायरशार्क (नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारं टूल) लावून डोळ्यांनी बघून घ्या. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. ओव्हर द वायरवरचा बँडिट हा खेळ फुकट आहे, कमांड लाइनची भीती घालवायला त्याच्यासारखं दुसरं काही मी बघितलं नाही.

सर्टिफिकेशनच्या मागे आत्ता लागू नका. टूलचं बटण कुठे आहे ते सहा महिन्यांत बदलतं.

पायरी २: "सेफ आहे का?" हा प्रश्न विचारणं बंद करा

हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणापासून सेफ? तो काय करू शकतो? फक्त ऐकू शकतो, की मधे बसून मेसेज बदलू शकतो, की डिव्हाइसच उचलून नेऊ शकतो? थ्रेट मॉडेल म्हणजे एवढंच, पण पहिल्या वर्षात ज्यांनी ही सवय लावली त्यांना पुढचे सगळे पेपर सोपे गेलेले मी बघितलेत. सराव असा करा: रोजच्या वापरातली एखादी गोष्ट घ्या, समजा मेसेजिंग ॲप, आणि एक पान लिहा. काय वाचवायचंय, कुणापासून, त्याच्या हातात काय काय आहे, आणि आपण कशावर डोळे झाकून विश्वास ठेवतोय. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. सर्व्हर विश्वासू आहे असं धरलंय का? फोनची ऑपरेटिंग सिस्टिम? की बनवणारा रँडम नंबर जनरेटर?

हे लिहिताना एक गोष्ट पटकन कळते ती म्हणजे गुप्तता आणि अखंडता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एन्क्रिप्शन केलं म्हणजे मेसेज कुणी बदलू शकत नाही हा समज निव्वळ चुकीचा आहे. काउंटर मोड नावाच्या पद्धतीत कीपासून बनलेली बिटांची रांग, म्हणजे की-स्ट्रीम, मेसेजबरोबर एक्सॉर होते (बिट वेगळे तर १, सारखे तर ०), बास. आता समजा मेसेजमध्ये कुठल्या जागी रक्कम आहे आणि ती 'एक'ने सुरू होते एवढं हल्लेखोराला माहीत आहे. आस्कीमध्ये (अक्षरं बिटांत लिहायची पद्धत) 'एक' आणि 'नऊ' या आकड्यांत फक्त एका बिटचा फरक असतो, तो एक बिट सायफरटेक्स्टमध्ये, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या मेसेजमध्ये, उलटा केला की १०० चे ९०० झाले. की माहीत नाही, काही फोडलं नाही, तरी काम झालं. म्हणून सोबत मॅक (मेसेज बदललेला नाही ना हे कीने तपासायचा टॅग) लागतो किंवा ही तपासणी आणि एन्क्रिप्शन एकत्र करणारा जीसीएमसारखा ऑथेंटिकेटेड मोड लागतो. हे एकदा स्वतः पायथनमध्ये करून बघा, दहा ओळींचं काम आहे आणि नंतर जन्मात विसरत नाही.

इथेच कर्कहॉफ्सचं तत्त्व येतं, १८८३ चं आहे, पण असाइनमेंटमध्ये त्याचा खून अजून दर वर्षी होतो: सगळी यंत्रणा शत्रूच्या हातात पडली तरी चालली पाहिजे, गुप्त फक्त की. "सर, मी स्वतःचा अल्गोरिदम बनवलाय, तो कुणाला माहीत नाही म्हणून सेफ आहे" असं लिहिलेली वही मी दर सेमिस्टरला किमान एक तपासली.

पायरी ३: गणित हाताने करा, कॅल्क्युलेटर नंतर

गणिताला घाबरणाऱ्यांसाठी चांगली बातमी, लागणारं गणित फार नाही. मॉड्युलर अंकगणित, युक्लिडची पद्धत आणि तिचं एक्स्टेंडेड रूप, ग्रुप आणि फायनाइट फील्डची तोंडओळख, बेसिक प्रोबॅबिलिटी. पण जे आहे ते हातात बसलेलं पाहिजे. आरएसए (पब्लिक कीने बंद करायचं, प्रायव्हेट कीने उघडायचं अशी पद्धत) कागदावर करून बघा, असं:

दोन प्राइम घ्या, ५ आणि ११. गुणाकार ५५, हा मॉड्युलस. मग दोन्ही प्राइममधून एक-एक वजा करून ४ गुणिले १० म्हणजे ४०. पब्लिक एक्सपोनंट ३ घेतला. आता असा आकडा शोधा की ज्याला ३ ने गुणलं आणि ४० ने भागलं की बाकी १ उरते. २७, कारण ८१ म्हणजे दोनदा ४० आणि वर १. झाली प्रायव्हेट की. मेसेज ८ असेल तर ८ चा घन ५१२, ५५ ने भागून बाकी १७. उलट यायला १७ चा २७ वा घात घ्या, मॉड्युलो ५५ परत ८ येतात. तो २७ वा घात एकदम काढत बसू नका, वर्ग करत करत जा, २७ म्हणजे १६ अधिक ८ अधिक २ अधिक १, तेवढेच तुकडे गुणा. खऱ्या लायब्ररीत याच विचाराच्या पुढच्या आवृत्त्या असतात, आणि पॉल कोचरने १९९६ साली दाखवलं की गणिताला किती वेळ लागतो हे मोजून प्रायव्हेट की बाहेर काढता येते, कारण कीचा बिट १ असेल तिथे एक गुणाकार जास्त होतो. म्हणजे बघा, कागदावर निव्वळ सोय वाटणारी पायरी प्रत्यक्षात तोंड उघडून बोलते.

आता मजा. याच आकड्यांत २ एन्क्रिप्ट केले की ८ येतात आणि ४ एन्क्रिप्ट केले की ९. दोघांचा गुणाकार ७२, मॉड्युलो ५५ म्हणजे १७. आणि १७ हे कशाचं एन्क्रिप्शन होतं? ८ चं. म्हणजे दोन सायफरटेक्स्ट नुसते गुणले की आतले मेसेज पण गुणले गेले, की नसताना! शिवाय ८ चे दर वेळी १७ च होतात, त्यामुळे मेसेज 'हो' किंवा 'नाही' असा दोनच पर्यायांचा असेल तर मी दोन्ही एन्क्रिप्ट करून जुळवून बघेन की. वर्गात फळ्यावर शिकवलेला आरएसए तसाच्या तसा वापरायचा नसतो, त्याला ओएईपीसारखं पॅडिंग (मेसेजला जोडायची रँडम भर) लागतं, हे सर सांगतात तेव्हा पोरं मान डोलावतात, पण का लागतं ते या तीन ओळींच्या गुणाकारात दिसतं.

प्रोबॅबिलिटीत एकच गोष्ट पक्की करा, बर्थडे पॅराडॉक्स. एका खोलीत २३ जण असले की कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. याचाच अर्थ १२८ बिटच्या हॅशमध्ये (मेसेजचा ठरावीक लांबीचा ठसा) टक्कर, म्हणजे एकच ठसा असलेले दोन मेसेज, शोधायला २ चा १२८ वा घात लागत नाही, साधारण ६४ वा घात पुरतो. एमडी५ या हॅशला २००४ साली आणि शा-१ ला २०१७ साली खऱ्याखुऱ्या टकरी मिळाल्या, त्या तर याहूनही कमी कामात, पण "हॅशची लांबी निम्मी धरायची" ही अक्कल इथून येते.

पायरी ४: डेफिनिशन वाचायची नाही, खेळायची

क्रिप्टोच्या पेपरमध्ये सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. समोर इंड-सीपीए (सायफरटेक्स्टवरून आत कुठला मेसेज आहे ते ओळखता येऊ नये ही अट) वगैरे लिहिलेलं असतं, मुलं ते घोकतात आणि पेपरात ओकतात. अहो, तो एक खेळ आहे, दोन खेळाडूंचा, तसाच वाचा. हल्लेखोर दोन मेसेज देतो, समोरचा मनात नाणं उडवतो आणि त्यातला एक एन्क्रिप्ट करून परत देतो, हल्लेखोराने ओळखायचं की कुठला. त्याला हवे तेवढे मेसेज आधी एन्क्रिप्ट करून घेता येतात. निव्वळ अंदाजाने निम्म्या वेळा जिंकणारच, त्यापेक्षा लक्षात येण्याइतका जास्त जिंकला तर स्कीम हरली.

आता ईसीबी मोड (प्रत्येक ब्लॉक सुटा सुटा एन्क्रिप्ट करायचा) का वाईट? पेंग्विनचं चित्र दाखवून सगळे मोकळे होतात, एन्क्रिप्ट केल्यावर पण पेंग्विन दिसतो ते. ठीक आहे, पण परीक्षेत असं लिहा: पहिला मेसेज दोन सारख्या ब्लॉकचा, दुसरा दोन वेगळ्या ब्लॉकचा, दोन्ही एकाच लांबीचे. परत आलेल्या सायफरटेक्स्टचे दोन ब्लॉक सारखे असतील तर पहिला, नाहीतर दुसरा. दर वेळी शंभर टक्के बरोबर. संपलं उत्तर, चार ओळी, पूर्ण मार्क. प्रत्येक डेफिनिशन आली की एक स्कीम जी त्यात टिकते आणि एक जी हरते अशी जोडी स्वतः शोधून वहीत ठेवा, माझ्या वहीत शेवटी अशा पंधरा-वीस जोड्या झाल्या होत्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मी फक्त तेवढंच वाचायचो.

रिडक्शनचं पण तसंच. "कुणी ही स्कीम फोडली तर त्याला कामाला लावून मी ते अवघड गणित सोडवेन" एवढं एक वाक्य आधी मराठीत लिहायचं, मग चिन्हं. चिन्हांपासून सुरू केलंत तर दिशा कुठली हेच उलटं होतं, आणि ही चूक तपासणाऱ्याला लांबून दिसते.

पायरी ५: लिहा, फोडा, आणि फेकून द्या

"स्वतःचं क्रिप्टो लिहू नका" हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकाल. खरं आहे, पण ते वापरण्याबद्दल आहे, शिकण्याबद्दल नाही. शिकायला लिहाच. एईएस-१२८ पायथनमध्ये लिहून काढा, दहा राउंड, एस-बॉक्स (बाइटच्या जागी दुसरा बाइट देणारा तक्ता), सगळं, आणि अमेरिकेच्या २००१ च्या फिप्स १९७ स्टँडर्डमध्ये दिलेल्या टेस्ट व्हेक्टरशी, म्हणजे नमुना इनपुट-आउटपुटशी, जुळवा. पहिल्यांदा जुळणार नाही. बहुतेक वेळा ओळी आणि कॉलम उलटे झालेले असतात, माझे दोन दिवस त्यात गेले.

मग ते फोडा, म्हणजे एईएस नाही, त्याच्या भोवतीचं. माझ्या मते अख्ख्या डिग्रीत सगळ्यात जास्त शिकवणारी एक असाइनमेंट निवडायची झाली तर पॅडिंग ओरॅकल. व्होडनेने २००२ साली मांडलेला हल्ला. सीबीसी मोडमध्ये डिक्रिप्ट करताना ब्लॉक आधी एईएसमधून उलटा येतो आणि मग मागच्या सायफरटेक्स्ट ब्लॉकशी एक्सॉर होतो. तो मागचा ब्लॉक तर हल्लेखोराच्या हातात आहे! त्याने शेवटचा बाइट बदलत सर्व्हरला पाठवत राहायचं, जास्तीत जास्त २५६ वेळा. मेसेजच्या शेवटी ब्लॉक पूर्ण भरायला पॅडिंग असतं, एक बाइट कमी असेल तर ०१, दोन कमी असतील तर ०२ ०२. सर्व्हर बिचारा प्रामाणिक, पॅडिंग चुकलं तर "पॅडिंग चुकलं" म्हणतो. जेव्हा म्हणत नाही तेव्हा शेवटचा बाइट बहुधा ०१ झालाय, मग आपण टाकलेला बाइट ०१ शी एक्सॉर केला की एईएसमधून आलेला मधला बाइट कळतो, तो खऱ्या सायफरटेक्स्टशी एक्सॉर केला की मूळ मेसेजचा बाइट. मग ०२ ०२ साठी, मग पुढे. सोळा बाइटचा ब्लॉक म्हणजे फार तर ४,०९६ प्रश्न, आणि अख्खा ब्लॉक उघडा. की कुठेच लागली नाही. "बहुधा" का म्हटलं ते तुम्ही स्वतः शोधा, तिथेच तुमचा कोड एखाद्या मेसेजवर अडकणार आहे.

हे एकदा स्क्रीनवर एक एक अक्षर उलगडताना बघितलं की एरर मेसेजकडे बघायची नजर कायमची बदलते. क्रिप्टोपाल्स नावाचे सराव आहेत, त्यात हे आणि असे बरेच हल्ले क्रमाने येतात, उत्तरं शोधू नका, अडलात तर झोपा आणि सकाळी बसा.

याच पायरीत रँडमनेसवर पण हात फिरवा. पायथनचं नेहमीचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतं, त्याचे ३२ बिटचे सलग ६२४ आकडे मिळाले की पुढचे सगळे सांगता येतात. करून बघा, आणि मग टोकन बनवायला सीक्रेट्स नावाचं वेगळं मॉड्यूल का दिलंय ते वेगळं समजवावं लागणार नाही. डेबियन या लिनक्सचा किस्सा तर प्रत्येकाला तोंडपाठ असावा: २००६ मध्ये एका टूलच्या वॉर्निंग बंद करायला ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीच्या कोडमधली एक गोष्ट काढली, आणि २००८ मध्ये सापडेपर्यंत त्या सिस्टिमवर बनलेल्या कींमध्ये रँडम म्हणून फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) उरला होता, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या आणि आकाराच्या कीचे जेमतेम ३२,७६८ पर्याय. दोन वर्षं कुणाला पत्ता नाही, कारण कामं सगळी नीट चालत होती. एन्क्रिप्शन चाललं का हे दिसतं, रँडम रँडम आहे का हे दिसत नाही. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ ची सही करायची प्रायव्हेट की बाहेर आली ती पण अशीच, ईसीडीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीत दर सहीला नवा आकडा लागतो, तिथे एकच आकडा पुन्हा पुन्हा वापरला होता. दोन सह्या, दोन समीकरणं, दोन अज्ञात. शाळेतली बीजगणिताची पायरी.

आणि हो, मॅक तपासताना दोन स्ट्रिंग साध्या बरोबर-बरोबर चिन्हाने जुळवू नका, ती तुलना पहिला फरक दिसला की थांबते आणि वेळेवरून हल्लेखोराला कळतं किती अक्षरं जुळली. कॉन्स्टंट टाइम तुलना प्रत्येक चांगल्या लायब्ररीत असते.

पायरी ६: प्रोटोकॉल म्हणजे तीन ओळींचं संकट

सुटे भाग मजबूत असले तरी जोडणी फुटते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे नीडहॅम-श्रोडर प्रोटोकॉल, पब्लिक कीवाला. १९७८ चा, तीन मेसेज फक्त. अमरने बीनाला आपला नॉन्स आणि नाव पाठवायचं, बीनाने त्याचा नॉन्स आणि स्वतःचा नॉन्स परत पाठवायचा, अमरने बीनाचा नॉन्स परत करायचा, प्रत्येक मेसेज समोरच्याच्या पब्लिक कीने बंद. १७ वर्षांनी, १९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी भोक दाखवलं: अमर जर चोराशीच, त्याला भला समजून, बोलायला लागला तर चोर तोच मेसेज उघडून बीनाच्या कीने बंद करून "मी अमर" म्हणून पुढे ढकलतो. बीनाचं उत्तर अमरच्या कीने बंद असतं, चोराला उघडत नाही, म्हणून तो ते तसंच अमरला देतो, अमर भोळेपणाने उघडून बीनाचा नॉन्स चोराला काढून देतो. बीनाला वाटतं आपण अमरशी बोलतोय. उपाय काय, तर दुसऱ्या मेसेजमध्ये बीनाने स्वतःचं नाव घालायचं. एक नाव!

हे कागदावर बाण काढून स्वतः करा, तिघांच्या तीन उभ्या रेघा, आणि प्रत्येक मेसेजनंतर ज्याला जे कळलं ते त्याच्या रेघेखाली लिहा. वाचून समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी उतरवता येत नाही. पुढे प्रोव्हेरिफ किंवा टॅमरिन शिकवलं तर टाळू नका, ही टूल्स असे हल्ले आपोआप शोधतात, सुरुवातीला डोक्याला शॉट आहे पण थिसिसला सोनं आहे.

खऱ्या प्रोटोकॉलमध्ये टीएलएस १.३ (ब्राउझर आणि वेबसाइटमधलं बोलणं सुरक्षित ठेवणारा) घ्या, ऑगस्ट २०१८ चं आरएफसी ८४४६. सगळं वाचू नका, हँडशेकचा (सुरुवातीला की ठरवण्याचा) भाग वाचा आणि शेजारी वायरशार्क उघडा. ब्राउझरला एसएसएलकीलॉगफाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं की तो सेशनच्या की एका फाइलमध्ये लिहितो, ती वायरशार्कला दाखवली की स्वतःचंच ट्रॅफिक उघडून वाचता येतं. सर्व्हर हॅलो या सर्व्हरच्या पहिल्या मेसेजनंतर लगेच सगळं एन्क्रिप्ट होतं, सर्टिफिकेटसुद्धा, आणि १.२ मध्ये ते उघडं जायचं हे शेजारी ठेवून बघा.

पायरी ७: सिस्टिमची बाजू, म्हणजे जिथे खरी पडझड होते

लॅबसाठी एक व्हर्च्युअल मशीन, नेटवर्क फक्त होस्टपुरतं, आणि काहीही करायच्या आधी स्नॅपशॉट. स्नॅपशॉट विसरलात की रात्री दोन वाजता परत इन्स्टॉल करत बसाल, तेव्हा माझी आठवण येईल.

बफर ओव्हरफ्लो असा शिका: सीमध्ये लहान ॲरे असलेलं एक फंक्शन, त्यात लांबी न तपासता कॉपी. स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅकवर जास्तीचं लिहिलं गेलं का ते पकडणारा), एनएक्स (डेटाची मेमरी कोड म्हणून चालू न देणारं) आणि एएसएलआर (मेमरीचे ॲड्रेस दर वेळी बदलणारं) ही तिन्ही संरक्षणं बंद. जीडीबी या डीबगरमध्ये रिटर्न ॲड्रेस (फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता) कुठे बसलाय ते आधी कागदावर स्टॅकचं चित्र काढून शोधा, मगच इनपुट द्या. चाललं की एक संरक्षण चालू करा आणि हल्ला कुठे मेला ते बघा. मग दुसरं. मग तिसरं. सगळी एकदम चालू ठेवून कुणाची तरी स्क्रिप्ट चालवलीत तर स्क्रीनवर शेल येईल पण डोक्यात काही येणार नाही. याच्या उलट बाजूचा धडा म्हणजे २०१४ चं हार्टब्लीड, ओपनएसएसएलमधला बग. तिथे लिहिणं नव्हतं, वाचणं होतं: समोरचा म्हणाला माझा मेसेज एवढा लांब आहे, सर्व्हरने विश्वास ठेवला, आणि एका वेळी ६४ केबीपर्यंत शेजारची मेमरी उचलून दिली. टीएलएसचं गणित जागच्या जागी धडधाकट होतं.

वेबची बाजू मी थोडक्यात आवरतो कारण त्याचं साहित्य ढीगभर आहे, ओवास्पचं ज्यूस शॉप (सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट) स्वतःच्या मशीनवर चढवा आणि बर्प (रिक्वेस्ट मधे अडवून बदलायचं टूल) लावून बसा. पासवर्ड साठवायचे तर शा-२५६ नाही, ते मुद्दाम वेगवान आहे, आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट, आणि का ते व्हायवाला हमखास विचारतात.

की मॅनेजमेंटवर मात्र थांबा, कारण अभ्यासक्रमात त्याला एक लेक्चर असतं आणि प्रत्यक्षात निम्मं काम तेच असतं. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये मी प्रायव्हेट की गिटमध्ये कमिट केली, लक्षात आल्यावर पुढच्या कमिटमध्ये डिलीट करून निर्धास्त झालो, आणि तपासणाऱ्या मॅडमनी डेमोला बसल्या बसल्या जुनी हिस्टरी उघडली. पूर्ण ग्रुपचे मार्क गेले, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकदा बाहेर गेलेली की डिलीट होत नसते, ती बदलावी लागते.

माणूस हा भाग पण टाळू नका. १९९९ मध्ये पीजीपी ५.० या मेल एन्क्रिप्ट करायच्या प्रोग्रॅमवर एक प्रयोग झाला होता, १२ जणांना ९० मिनिटं दिली, आणि बहुतेकांना एक सही केलेला, एन्क्रिप्ट केलेला मेल नीट पाठवता आला नाही. काही जणांनी तर गुप्त मेसेज उघडाच पाठवला. युजर मूर्ख होते असं उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर शून्य मिळेल, आणि मिळायलाच पाहिजे.

पायरी ८: परवानगी, लेखी

दुसऱ्याच्या सिस्टिमला हात लावायचा नाही. "फक्त बघत होतो", "काही बिघडवलं नाही", "त्यांच्या भल्यासाठीच" यातलं काही चालत नाही. विद्यापीठाचं नेटवर्क ही पण दुसऱ्याचीच सिस्टिम आहे, होस्टेलचं वायफाय पण. परवानगी असेल तर कुठल्या मशीनवर, कधीपासून कधीपर्यंत, काय चालेल काय नाही, हे लिहून घ्या. चुकून काही सापडलंच तर तिथेच थांबा, जास्त खोलात जाऊन डेटा उतरवू नका, ज्याचं आहे त्याला किंवा आधी आपल्या गाइडला सांगा आणि दुरुस्त करायला वेळ द्या.

पायरी ९: पेपर वाचणं

दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक. पहिल्या वाचनात फक्त प्रस्तावना, थ्रेट मॉडेल आणि शेवट. दुसऱ्या वाचनात एकच प्रश्न, यांनी काय गृहीत धरलंय आणि ते खोटं निघालं तर काय उरतं? प्रूफ तिसऱ्या वाचनाला, आणि ते सुद्धा पेपर कामाचा वाटला तरच. डिफी आणि हेलमन यांचा पब्लिक कीची कल्पना मांडणारा १९७६ चा पेपर जरूर उघडा, जुना असून वाचायला इतका सोपा आहे की आश्चर्य वाटतं. आणि गंमत म्हणजे ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत क्लिफर्ड कॉक्स यांनी आरएसएसारखीच पद्धत १९७३ मध्येच शोधली होती, पण ते जगाला कळलं १९९७ मध्ये.

पायरी १०: थिसिस

विषय निवडताना "ब्लॉकचेन आणि एआय वापरून सिक्युरिटी" असलं काही घेऊ नका, गाइड हसतील किंवा, त्याहून वाईट, हो म्हणतील. प्रश्न एवढा लहान पाहिजे की त्याचं उत्तर एका टेबलात मावेल. सध्या पोस्ट-क्वांटममध्ये (क्वांटम कॉम्प्युटरपुढेही टिकेल असं क्रिप्टो) असे प्रश्न भरपूर पडलेत. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह दोन्ही मोडेल, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निस्ट या अमेरिकेच्या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने फिप्स २०३, २०४ आणि २०५ ही नवी स्टँडर्ड काढली. अल्गोरिदम आले, पण त्यांचे आकार बघा: जुन्या एक्स२५५१९ ची पब्लिक की ३२ बाइट, नव्या एमएल-केम-७६८ ची १,१८४. जुन्या एड२५५१९ ची सही ६४ बाइट, नव्या एमएल-डीएसए-६५ ची ३,३०९. इथरनेटच्या पॅकेटमध्ये साधारण १,५०० बाइट मावतात. मग हँडशेक किती पॅकेटमध्ये फुटतो, खराब नेटवर्कवर त्याला किती वेळ जास्त लागतो, लहान मायक्रोकंट्रोलरवर मेमरी पुरते का, जुनं मधलं उपकरण एवढा मोठा पहिला मेसेज बघून कनेक्शनच तोडतं का? हा झाला थिसिस. नवं गणित शोधायची गरज नाही.

मोजताना पहिल्या दिवसापासून लायब्ररीचं व्हर्जन, कंपायलरचे फ्लॅग, मशीन आणि कच्चा आउटपुट जसाच्या तसा साठवा, ग्राफ नंतर काढता येतात पण हरवलेला आकडा परत येत नाही. आणि जमा करायच्या दोन आठवडे आधी कोड एका मित्राला द्या, कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर फक्त तुमची रीडमी वाचून चालवायला सांगा, आणि तो बसलाय तेवढा वेळ त्याच्या मागे उभं राहून एक अक्षर बोलू नका. जिथे तो मान वळवून तुमच्याकडे बघेल ती ओळ रीडमीमध्ये राहिलेली आहे.